शाळा चालत पाड्यावर गेली

आमच्या गल्लीच्या टोकाला एक अंगणवाडी आहे. पत्र्याचं छप्पर, भिंतीवर रंगवलेला ससा, दाराशी चपलांचा छोटा ढीग. सकाळी दहाच्या सुमाराला आया पोरांना सोडून जातात आणि 'आमचा आता अंगणवाडीत जातो' असं कौतुकानं सांगतात. हा शब्द आपल्या बोलण्यात इतका मुरला आहे की तो जणू भाषेत पहिल्यापासूनच असावा असं वाटतं. प्रत्यक्षात तो समुद्रकाठच्या बोर्डी गावातून आला, दोन बायकांच्या पायपिटीतून. त्यातल्या धाकटीचा, अनुताई वाघांचा, २७ सप्टेंबर हा स्मृतिदिन. १९९२ साली याच दिवशी त्या गेल्या.

त्यांचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत कपाळ पांढरं झालं. त्या काळात अशा मुलीचं पुढचं आयुष्य बहुधा माजघरातच संपायचं. अनुताईंचं संपलं नाही, कारण त्या शिकत राहिल्या. व्हर्नाक्युलर फायनल झाल्या, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून १९२९ मध्ये शिक्षिका होऊन बाहेर पडल्या, चांदवडला शिकवलं आणि मग पुण्याच्या हुजूरपागेत आल्या. दिवसा नोकरी आणि रात्रशाळेत अभ्यास असं करत मॅट्रिकही झाल्या. पुण्यातली चांगली शाळा, पक्की नोकरी, मान. पस्तिशीच्या बाईनं आणखी काय मागावं?

१९४५ साली कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं होतं, नूतन बालशिक्षण संघ उभा केला होता, दादरला शिशुविहार चालवलं होतं. पण माँटेसरीची ती देखणी, महागडी साधनं शहरातल्या सुखवस्तू घरांतल्या मुलांपुरतीच राहताहेत, हे त्यांच्या मनाला टोचत होतं. खेड्यातल्या, गरिबांच्या मुलांसाठी हे शिक्षण कसं न्यायचं, याचा शोध घ्यायला त्या बोर्डीला निघाल्या होत्या. अनुताईंनी पुणं सोडलं आणि त्यांच्याबरोबर गेल्या, त्या कायमच्या.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, तरी ज्यांच्यासाठी ती काढली ती मुलं येईनात. गरिबी होती, अंतर होतं, शिवाशिवीची भीती होती. मग या दोघींनी उलटा विचार केला. मुलं बालवाडीत येत नसतील तर बालवाडीनं मुलांच्या अंगणात जावं. वस्तीतलंच एखादं अंगण झाडून घ्यायचं आणि तिथेच मुलांना गोळा करायचं. या साध्या हिकमतीलाच पुढे अंगणवाडी हे नाव पडलं.

१९४५ हे साल या भागात आणखी एका गोष्टीसाठी लक्षात राहिलं आहे. त्याच वर्षी, बोर्डीच्या आसपासच्या डहाणू-तलासरी पट्ट्यात, गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासी उठले होते. वेठबिगार करणार नाही, असं त्यांनी जमीनदारांना तोंडावर सांगितलं होतं. एकीकडे बाप वेठीतून सुटायला झगडत होता आणि दुसरीकडे त्याच्या पोराला कुणीतरी पहिल्यांदा जवळ बसवून गोष्ट सांगत होतं. दोन्ही कामं निराळ्या वाटेनं चालली होती, पण मला ती एकमेकींपासून दूर वाटत नाहीत.

पुढे १९५७ च्या सुमाराला सगळा संसार कोसबाडच्या टेकडीवर हलला. आज पालघर जिल्ह्यात येणारा हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. भोवती वारल्यांचे पाडे होते. घरं कुडाची, शेणामातीनं लिंपलेली. अनुताईंचं खरं मोठेपण मला इथे दिसतं. मूल शाळेत का येत नाही, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी मुलाच्या घरात शिरून शोधलं. आठ वर्षांची मुलगी येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटा भाऊ आहे आणि आई मजुरीला गेली आहे. तिला दटावून काय होणार? त्यांनी पाळणाघर काढलं. पाळणाघराला लागून बालवाडी, बालवाडीला लागून प्राथमिक शाळा, सगळं एकाच आवारात. ताईनं भावाला पाळणाघरात ठेवायचं, मधल्याला बालवाडीत सोडायचं आणि आपण वर्गात बसायचं. याचं नाव विकासवाडी. शिक्षणाच्या जाड ग्रंथांत न सापडणारं हे उत्तर त्या मुलीच्या कडेवरच होतं, फक्त ते कुणी पाहिलं नव्हतं.

तीच गोष्ट गुराख्यांची. पोरं सकाळी गुरं घेऊन निघतात ती दिवस मावळताना परततात. घंटा वाजवून त्यांना कोण बोलावणार? मग शाळाच कुरणात गेली. गुरं चरताहेत आणि शिक्षक मुलांबरोबर झाडाखाली बसला आहे, अशी ती कुरणशाळा. मोजायला गुरं, रंग ओळखायला पानं-फुलं आणि अक्षर गिरवायला जमीन असताना साधनं विकत आणायची गरज कुठे होती?

साधनांचं तर अनुताईंना वेडच होतं. शंख, शिंपले, चिंचोके, खडे, बिया, पानं, बांबूचे तुकडे असं परिसरात फुकट मिळणारं सगळं बालवाडीत आलं. एकदा मूठभर चिंचोके आणि मूठभर शिंपले एकत्र करून तीन वर्षांच्या पोरापुढे ठेवून पाहा. ते आधी नुसतं दोन्ही हातांनी कालवतं, आवाज ऐकतं. मग एक चिंचोका उचलून डोळ्यांजवळ नेतं. थोड्या वेळानं, कुणी काही न सांगता, काळे इकडे आणि पांढरे तिकडे जाऊ लागतात. जीभ दातांत धरलेली, मान खाली. गणिताची सुरुवात अशी होते. हे ओळखायला आणि त्या वेळी मध्ये न बोलायला फार मोठी शिक्षिका लागते.

आणि या सगळ्याच्या आधी नाक पुसणं, आंघोळ घालणं, केस विंचरणं, नखं कापणं. नावाजलेल्या शाळेतली शिक्षिका पाड्यावरच्या पोरांच्या डोक्यातल्या उवा काढत बसली. तिला त्यात कमीपणा वाटला नाही, कारण तिच्या लेखी तोही अभ्यासक्रमच होता.

१९७३ च्या ऑगस्टअखेर ताराबाई गेल्या. त्यांच्यामागे जवळजवळ एकोणीस वर्षं अनुताईंनी टेकडी सांभाळली. बालवाडीच्या शिक्षिका घडवल्या, 'शिक्षणपत्रिका' चालवली, आपलं आयुष्य 'कोसबाडच्या टेकडीवरून' या पुस्तकात लिहिलं. सत्तरी ओलांडल्यावर प्रा. रमेश पानसे यांच्यासह ग्राममंगल या संस्थेची सुरुवातही केली. पद्मश्री मिळाली, जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला, पण मुक्काम कोसबाडचाच राहिला.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणी सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पसरली. आज जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत. खिचडी मिळते, वजन होतं, लसीची आठवण केली जाते, आणि या कामाचं मोल मी जराही कमी लेखत नाही. पण बोर्डीच्या अंगणात जे मध्यभागी होतं, ते मुलाचं खेळत खेळत शिकणं, बऱ्याच ठिकाणी कोपऱ्यात गेलं. नोंदवह्या वाढल्या आणि चिंचोके हरवले. सेविकेला आजही पगार मिळत नाही, मानधन मिळतं. तीन वर्षांच्या मुलाचं शिक्षण हेच खरं पायाभूत शिक्षण, हे राष्ट्रीय धोरणात ठळकपणे यायला २०२० साल उजाडावं लागलं. तोवर बोर्डीच्या प्रयोगाला पंचाहत्तर वर्षं झाली होती. हे मला फार लागतं. आपण अनुताईंच्या घरातला शब्द उचलला, पण घरातली रीत मात्र तिथेच ठेवून आलो.

परवा सकाळी गल्लीतल्या त्या अंगणवाडीसमोरून जात होतो. सात-आठ वर्षांची एक मुलगी दारात उभी होती. पाठीवर दप्तर, कडेवर तीन वर्षांचा भाऊ, आणि तो काही केल्या उतरायला तयार नाही. सेविकाताई बाहेर आल्या. त्यांनी त्याला काही विचारलं नाही, नुसती मूठ उघडून दाखवली. त्यानं वाकून पाहिलं आणि कडेवरून उतरला. मुलीनं दप्तर सावरलं आणि शाळेच्या दिशेनं धूम ठोकली.