आधी थोडा आवळ

चिखली–खामगाव रस्त्यावरच्या उंद्रीत एका मिस्त्रींचं गॅरेज होतं. वर पत्रे, खाली ऑइल मुरून काळी पडलेली जमीन, आणि समोर बोनेट उघडून उभी असलेली एखादी काळी-पिवळी जीप. सोयाबीन-कपाशीच्या आमच्या मुलखात तेव्हा बाजाराची माणसं, पोती, लग्नाची वऱ्हाडं, सगळं या जीपच वाहून न्यायच्या. दहावीनंतर पुढं काय, हे मला सुचत नव्हतं आणि घरातही कुणाला सुचत नव्हतं. वडिलांनी मला मिस्त्रींच्या हवाली केलं. आज मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत पोरांना मोटर मेकॅनिकचं काम शिकवतो. नोकरीला लागणारे कागद मला पुढं मिळाले. पोरांसमोर उभं राहून जे सांगतो, ते बहुतेक सगळं मिस्त्रींचं आहे.

बोल्ट खोलणं म्हणजे जोराचं काम, अशी माझी समजूत होती. जाम बोल्ट दिसला की पान्याच्या दांडीत पाईप घालायचा आणि अंगाचा भार टाकायचा, एवढंच मला ठाऊक. पान्याची लांबी दुप्पट झाली की तोच हात दुप्पट पीळ देतो, आणि 13 च्या पान्याचा साधा बोल्ट आवळायला अडीच किलोग्रॅम-मीटरच्या आसपास पीळ पुरतो, हे मी फार नंतर पुस्तकात वाचलं. मिस्त्रींनी पुस्तक न उघडता माझ्या हातातला पाईप काढून घेतला होता. म्हणाले, "काऊन झटतो त्याच्यासंग? तो काऊन अडला, ते पाह्य पहिले."

बोल्ट अडतो त्याला कारणं असतात आणि प्रत्येक कारणाचा इलाज वेगळा, ही गोष्ट मला त्या एका वाक्यानं कळायला लागली. सायलेन्सरचा पाईप जिथं मॅनिफोल्डला जोडलेला असतो, तिथले नट रोज तापतात, रोज निवतात, खालून चिखलपाणी खातात. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. आट्यांमधल्या फटीत तो फुगून बसला की नट आणि स्टड एकजीव होतात. अशा नटाशी मिस्त्री कसे वागायचे, ते मी जवळ उकिडवं बसून पाहिलं आहे. आधी तारेच्या ब्रशनं बाहेर आलेले आटे चकचकीत करायचे. मग रॉकेलमध्ये थोडं ऑइल मिसळून थेंब थेंब सोडायचं आणि चहाला उठायचं. "त्याले वेळ दे," म्हणायचे. परत आल्यावर नटाच्या अंगावर हातोडीचे आखूड, सरळ ठोके. ठोक्यानं गंजाला तडे जातात आणि तेल आत उतरायला वाट मिळते. मग सहा कोनी गोटी, म्हणजे सॉकेट, कारण बारा कोनी गोटी झिजलेल्या नटाचे कोपरे खाऊन त्याचं डोकं गोल करते. आणि गोटी नीट बसली की पहिली सूचना मला उलटीच वाटायची: "आधी थोडा आवळ."

खोलायचा नट आवळायचा? पण किंचित आवळताना जी 'कर्र' ऐकू येते, ती गंजाची पकड सुटल्याची असते. मग पाव आटा सैल, पुन्हा थोडं तेल, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. 'कर्र' आली की भिऊ नये. भ्यायचं ते आवाज न करता पाना मऊ फिरायला लागला तर. मऊ लागलं म्हणजे नट फिरत नाही, स्टड पिळतोय. तिथं हात जागीच थांबला पाहिजे. पंख्याच्या आवाजात ही जाणीव शब्दांनी शिकवता येत नाही, म्हणून मिस्त्री माझ्या हातावर हात ठेवून पाना फिरवायचे. आजही मी पोरांच्या हातावर तसाच हात ठेवतो.

सेल्फ-स्टार्टरचा वरचा बोल्ट दिसतच नाही. इंजिन आणि केबिनचा पत्रा यांच्यामध्ये हात कोपरापर्यंत घालावा लागतो, नाहीतर खालून गिअरबॉक्सवरून लांब एक्स्टेंशन आणि युनिव्हर्सल जॉइंट लावून जावं लागतं. त्यासाठी मिस्त्री माझे डोळे मिटवून समोर गोट्यांचा डबा ठेवायचे. बोटानं बोल्टचं डोकं चाचपायचं आणि आकडा सांगायचा. महिंद्राला 13, 17, 19 लागतात, मारुतीला 12 आणि 14. 12 आणि 13 मधला एक मिलिमीटर बोटाला कळेपर्यंत त्यांनी मला अशा जागी पाना लावू दिला नाही. जुन्या विलीज घाटाच्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, हेही मला असंच चाचपत कळलं.

गॅसची ज्योत त्यांनी सर्वांत शेवटी हातात दिली. ज्योत नटावर धरायची, बोल्टवर नाही, म्हणजे नट फुगून पकड सोडतो. आसपासची डिझेलची नळी आणि रबरी भाग आधी ओल्या गोणपाटानं झाकल्याशिवाय आणि वाळूची बादली जवळ घेतल्याशिवाय काडी पेटवायची नाही, हा त्यांचा नियम. मी तो वर्कशॉपच्या भिंतीवर लिहून ठेवला आहे.

शहरात कामाला लागल्यावर मारुतीचे स्पार्क प्लग आले. हेड ॲल्युमिनियमचं, प्लगचं अंग पोलादाचं. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. गरम इंजिनात प्लगवर जोर लावला तर हेडचे आटे प्लगसोबत बाहेर येतात. हे पुस्तकात वाचताना मला मिस्त्री आठवले. मारुती त्यांच्याकडे क्वचितच यायची, तरी "इंजिन निवू दे, मग हात लाव" हे त्यांनी केव्हाच सांगून ठेवलं होतं. आता आमच्या कपाटात डब्ल्यूडी-40 चे डबे आहेत. 1953 साली अमेरिकेत सॅन डिएगोला काही रसायनतज्ज्ञांनी पाणी हटवून गंज टाळणारं हे मिश्रण 40 व्या प्रयत्नात साधलं, म्हणून ते नाव. पोरं डबा फवारतात आणि लगेच पाना लावतात. मी त्यांना चहाला पाठवतो.

नट पुन्हा बसवताना मिस्त्री आट्यांना ग्राफाइटचं ग्रीस लावायचे. गिऱ्हाइकानं त्याचे पैसे कधी दिले नाहीत, त्यांनी मागितलेही नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "उद्या जो खोलीन, त्याच्यासाठी."

अशा माणसांकडे कागद नसतो म्हणून शिक्षणाच्या हिशेबात त्यांची नोंद होत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मी त्यांना संस्थेत यायची विनंती केली. आधी ते संकोचले, मग आले. आता हात थोडा कापतो, पण बोल्टला बोट लावलं की आकडा अचूक सांगतात. यंदाच्या पोरांना डिझेल इंजिनचे ग्लो प्लग काढायला त्यांनीच शिकवावं, असं आमचं ठरलं आहे. ग्लो प्लग आत मोडला तर बरेचदा अख्खं हेड उतरवावं लागतं, आणि तो मोडण्याआधीची खूण माझ्यापेक्षा त्यांच्या हाताला लवकर कळते.