उलटा चिंचोका

फळ्यावर −३ − ५ लिहिलं की सहावीचा निम्मा वर्ग +८ म्हणून मोकळा होतो. का, विचारलं तर एका सुरात उत्तर येतं, "बाई, मायनस मायनस प्लस!" नियम खोटा नाही, पण तो गुणाकाराचा. शिकवणीतून नाहीतर घरातल्या ताई-दादाकडून मुलांनी तो आधीच पाठ करून आणलेला असतो आणि दोन आडव्या रेघा दिसल्या की तो ठोकून देतात.

पूर्णांकांसाठी लोक उधारीचं उदाहरण देतात. बेरजेपुरतं ते चालतं. वजाबाकीला मात्र 'उधारी माफ झाली म्हणजे पैसे वाढले' हे मुलांना पटत नाही; खिशात तर काहीच आलं नाही! तापमानाचं त्याहून अवघड, कारण दोन तापमानांची बेरीज करतं कोण?

मी चिंचोके वापरते. एक बाजू खरखरीत फरशीवर घासली की पांढरी होते, दुसरी काळपटच राहते. पांढरी वर असली तर +१, काळी वर असली तर −१. काळा-पांढरा जोडीने आले की मिळून शून्य. एवढाच करार. −३ मध्ये −५ मिळवायचे म्हणजे काळ्यांत काळे ओतायचे. आठ काळे होतात आणि 'प्लस'वाल्यांची तोंडं बघण्यासारखी होतात.

खरी गंमत ५ − (−३) ला. समोर पाच पांढरे, त्यांतून तीन काळे काढायचे. "बाई, काळे नाहीतच!" इथे घाईने उत्तर सांगणाऱ्या शिक्षकाने हातातली संधी घालवली असं मी समजते. थोडा गोंधळ होऊ द्यावा. मग विचारावं, ढिगात शून्य टाकलं तर रक्कम बदलेल का? नाही ना? मग टाका तीन शून्यं, म्हणजे तीन पांढरे नि तीन काळे. आता काळे उचला. आठ पांढरे उरतात. अशी दोन-चार गणितं झाली की कोणीतरी जोड्या मांडायचा कंटाळा करतं. काढायचे काळे हातात घेतं, उलटे करतं आणि सरळ ढिगात टाकतं. वजा करणं म्हणजे विरुद्ध संख्या मिळवणं हे पुस्तकातलं वाक्य मी तोवर उच्चारलेलंही नसतं.

तरी वहीत लिहिताना घोळ होतोच, कारण एकच रेघ दोन कामं करते. ५ − (−३) मधली पहिली रेघ 'काढा' सांगते, दुसरी त्या तीनची स्वतःची आहे. आपल्या जुन्या गणितींनी हे वेगळं ठेवलं होतं. बाराव्या शतकातले भास्कराचार्य 'बीजगणिता'त ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब द्यायला सांगतात. सुरुवातीचे काही दिवस मीही मुलांना टिंबच द्यायला लावते. गिचमिड कमी होते. त्यांच्याही आधी, ६२८ साली, ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त धन, ऋण आणि शून्याचे नियम दिले. त्यात बेरजेचे वेगळे, वजाबाकीचे वेगळे, गुणाकाराचे वेगळे. दोन ऋणांची बेरीज ऋण, दोन ऋणांचा गुणाकार धन. आपण घाईघाईत सगळ्याचं एक घोषवाक्य करून टाकलं.

चिंचोके कधी बंद करायचे हे मला ठरवावं लागत नाही. −४८ + २९ दिलं की वर्गातून तक्रार येते, एवढे आणायचे कुठून? मग मागच्या बाकावरून कोणीतरी हिशेब मांडतं, "काळे जास्त आहेत ना, मग मायनसच येणार. किती जास्त? एकोणीस."