आईला न विचारता

आईचे वडील माळकरी होते. दारू-मटणाला आयुष्यात कधी शिवले नाहीत. तरी पन्नाशीनंतर ते वाईच्या बाजारातून निघाले की लोक म्हणायचे, म्हातारा पिऊन झोकांड्या खातोय. कुणी वात म्हटलं, कुणी बाहेरचं. आजोबा गेले, पण त्यांना काय झालं होतं ते कुणालाच कळलं नाही.

आजाराचं नाव कळलं ते मामामुळे. चाळिशीतच त्याचे खांदे आणि बोटं आपोआप हलू लागली, स्वभाव तिरसट झाला, भरपूर जेवूनही अंग उतरत गेलं. पुण्यातल्या डॉक्टरांनी त्याला जीभ बाहेर काढून धरायला सांगितली, धरवेना. मग त्यांनी स्वतःची दोन बोटं त्याच्या मुठीत दिली. मूठ आवळायची, सैल पडायची, पुन्हा आवळायची, अगदी म्हशीची धार काढताना आवळते तशी. जन्मभर पहाटे उठून धारा काढलेला माझा मामा त्या मुठीकडे नुसता बघत राहिला. पुढे रक्ततपासणीत नक्की झालं: हंटिंग्टन.

या आजाराचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. त्यात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तो २६ वेळांपर्यंत आला तर काळजी नाही. ४० किंवा त्याहून जास्त वेळा आला, तर पुरेसं जगलेल्या माणसाला आजार गाठतोच. मामाचा आकडा ४६. हालचाली थोड्या आवरणाऱ्या गोळ्या मिळतात. आजार थांबवणारं औषध नाही.

आजोबांकडून आईकडे येण्याची शक्यता निम्मी, आईकडून माझ्याकडे त्याच्याही निम्मी. आम्हाला मूल हवं होतं, म्हणून चाचणी करायचीच असं मी आणि नवऱ्यानं ठरवलं. समुपदेशक बाईंनी आमचा वंशवृक्ष काढायला घेतला: पुरुष चौकोनात, बायका वर्तुळात, आजारी असतील ते काळे भरायचे. मामाचा चौकोन त्यांनी भरला, आईचं वर्तुळ कोरं ठेवलं आणि विचारलं, "आईंशी बोललात?"

मी म्हटलं, चाचणी माझी आहे.

"तुमच्यात दोष निघाला, तर तो आईंमधूनच आलेला असणार. म्हणजे त्यांना न विचारता त्यांचा रिपोर्ट तुमच्या हातात येणार."

मामेभावानं चाचणी करून घेतली आहे. त्याचा निकाल काहीही आला तरी कुणाचं गुपित फुटत नव्हतं, कारण त्याच्या वडिलांचं आधीच कळलेलं होतं. माझं तसं नव्हतं.

आईला सांगितलं तेव्हा ती गवार मोडत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, "मग आधी माझीच करा. माझ्यात नसेल तर तू सुटलीस." हिशेब अगदी बरोबर होता. पण बाईंनी तिला एकटीला भेटायला बोलावलं आणि त्या भेटीनंतर आईनंच मला सांगितलं, "त्यांनी विचारलं, लेक नसती तर केली असती का? मी म्हटलं, नसती केली. भावाचं रोज बघतेय. हातातून चमचा पडला तरी जीव धसकतो माझा. कागदच हातात आला तर मी जगू कशी?"

हाच प्रश्न संशोधक नॅन्सी वेक्सलर यांच्यापुढेही होता. त्यांची आई याच आजारानं गेली. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या गावांमध्ये वर्षानुवर्षं जाऊन त्यांनी हजारो माणसांचा वंशवृक्ष तयार केला. जनुक सापडलं ते त्या कामामुळे. ही चाचणी ज्यांच्यामुळे शक्य झाली, त्यांनी स्वतः ती केली की नाही हे जगाला सांगितलं नाही. आपल्याला आजार झाल्याचं त्यांनी जाहीर केलं ते २०२० मध्ये. त्यांच्याविषयी वाचल्यापासून 'न कळण्याचा हक्क' मला पळपुटेपणा वाटत नाही. आईचा तो हक्क मला माझ्या उत्सुकतेपेक्षा मोठा वाटतो.

मी चाचणी केलेली नाही. आई स्वतःहून हो म्हणेपर्यंत करणार नाही, आणि नातवंडाचं नाव पुढे करून तिच्याकडून होकारही काढून घेणार नाही. बाईंनी एक मार्ग सांगितला आहे: गर्भ प्रयोगशाळेत तयार करायचे, आमचा निकाल आम्हाला न सांगता त्यांनी ते तपासायचे आणि दोष नसलेला गर्भच पोटात ठेवायचा. खर्च मोठा आहे आणि यश येईलच असं नाही. नवरा म्हणतो, मूल नसलं तरी चालेल. मला अजून ते तसं म्हणता येत नाही, म्हणून पुढच्या महिन्यात आम्ही दोघं त्या मार्गाची चौकशी करायला जाणार आहोत. आईला हे सांगितलं आहे.