रिपोर्ट नॉर्मल, पोट अबनॉर्मल!

आपल्या पिढीचा एक प्रॉब्लेम आहे. आकडा दिसला की आपला लगेच विश्वास बसतो. पावलं किती चाललो, झोप किती झाली, अप्रेझलला रेटिंग काय... सगळं आकड्यात. मीही त्यातलीच. पुण्यात आयटीत नोकरी, दिवसभर एक्सेल. म्हणूनच त्या रविवारी रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आल्यावर मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली होती.

झालं असं, की वीकेंडला घरी मालेगावला गेले होते. शनिवारी रात्री दोनच्या सुमाराला बेंबीपाशी दुखायला लागलं. बाहेर यंत्रमागांची खटखट चालूच. आमच्या गल्लीत शुक्रवारची सुट्टी सोडली तर हा आवाज थांबत नाही आणि एरवी मला त्याशिवाय झोप येत नाही. त्या रात्री मात्र तो नकोसा झाला. आईने ओवा दिला, बेंबीला हिंग लावला. आजीने तर एरंडेलाची बाटलीच काढली. ‘अगं माय वं, एकदा पोट साफ झालं की बरं वाटेल!’ नशीब माझं, तेवढ्यात उलटी झाली आणि एरंडेल राहून गेलं. (अपेंडिक्सची शंका असेल तर जुलाबाचं औषध घेणं धोक्याचं, हे मला नंतर कळलं.)

सकाळी आठला नाना मला कॅम्पातल्या एका सर्जन मॅडमकडे घेऊन गेले. पोट तपासलं, रक्त दिलं. तासाभरात रिपोर्ट मोबाइलवर. पांढऱ्या पेशी ९,८००. म्हणजे ४,००० ते ११,०००च्या आत. सीआरपी ४, लॅबच्या कागदावर सहाच्या आत नॉर्मल. नानांचा चेहरा खुलला.

‘मग मी रात्रीच्या बसने जाऊ ना? उद्या प्रेझेंटेशन आहे,’ मी विचारलं.

मॅडमनी उत्तरच दिलं नाही. नानांना म्हणाल्या, ‘काका, जरा पाण्याची बाटली आणता का?’ नाना बाहेर गेल्यावर मला विचारलं, पाळी कधी आली होती? दिवस गेले असण्याची शक्यता? मी कानापर्यंत लाल! पण त्यांनी शांतपणे सांगितलं, की अंडाशयातली गाठ किंवा गर्भनलिकेत राहिलेला गर्भही असाच दुखतो. त्यामुळे माझ्या वयाच्या मुलीला हे विचारायचं आणि लघवीची टेस्ट करायची, यात लाजण्यासारखं काही नाही. टेस्ट निगेटिव्ह आली. नाना दोन बाटल्या घेऊन परतले आणि त्यांनी काहीही विचारलं नाही.

मग मॅडम म्हणाल्या, ‘तुझा रिपोर्ट खोटा नाही, लवकरचा आहे.’

सीआरपी हे प्रथिन लिव्हर तयार करतं. शरीरात कुठे सूज सुरू झाली, की त्याचा निरोप लिव्हरला पोचून हा आकडा वर जाताना दिसायला साधारण सहा ते बारा तास लागतात. सर्वांत वर तो जातो दोनेक दिवसांनी. पांढऱ्या पेशी त्याआधी वाढतात, पण त्याही प्रत्येकाच्या वेळेवर वाढतील असं नाही. शिवाय हे आकडे सूज आहे एवढंच सांगतात, कुठे आहे ते सांगत नाहीत. न्यूमोनियातही ते वाढतातच.

१९८६ मध्ये अल्वाराडो नावाच्या डॉक्टरांनी अपेंडिक्ससाठी १० मार्कांचा पेपरच काढला. त्यात रक्ताला मार्क फक्त ३! बाकीचे ७ कशाला? दुखणं बेंबीकडून उजवीकडे सरकलं का, भूक गेली का, मळमळ आहे का, ताप आहे का आणि पोट दाबल्यावर व हात सोडताना दुखतं का. म्हणजे सात मार्क पेशंटचं तोंड, थर्मामीटर आणि डॉक्टरचा हात यांच्याकडे.

‘संध्याकाळी परत ये. आणि बसमध्ये बसायचं नाही.’

मी चिडले होते. खोटं कशाला बोलू? पण दुपारी दुखणं उजवीकडे खाली उतरलं. संध्याकाळी रिक्षात प्रत्येक स्पीडब्रेकरला डोळ्यांतून पाणी आलं. पेशी १४,६००, सीआरपी ३८. ताप नव्हता म्हणून एक मार्क गेला. १० पैकी ९. इतके मार्क मला शाळेतही पडले नव्हते!

सोनोग्राफीत अपेंडिक्स सुजलेलं दिसलं, फुटलेलं नव्हतं. इथे आकड्यांचा दुसरा उपयोग कळला. सीआरपी शंभराच्या पुढे गेलं किंवा बिलिरुबिन वाढलं, तर अपेंडिक्स सडल्याची किंवा फुटल्याची शंका जास्त. खात्री नव्हे, शंका. साध्या सुजेवर कधी कधी नुसती अँटिबायोटिक्सही चालतात. पण फिनलंडमधल्या २०१८च्या अभ्यासात अशा १०० पैकी ३९ जणांना पाच वर्षांत पुन्हा त्रास झाला होता. मी ऑपरेशन निवडलं. रात्री साडेदहाला दुर्बिणीतून ते झालं. बस पकडली असती तर मध्यरात्री मी शिर्डीच्या पुढे कुठेतरी, खिडकीच्या सीटवर कळवळत असते.

सोमवारचं प्रेझेंटेशन सहकाऱ्याने दिलं. कंपनी बुडाली नाही. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलला ज्याचं नाव आहे, त्या सातव्या एडवर्ड राजाचीही हीच गत झाली होती. २६ जून १९०२ला राज्याभिषेक ठरलेला आणि दोन दिवस आधी अपेंडिक्सचा पू काढायला ऑपरेशन! तो सोहळा पुढे ढकलायला राजीच नव्हता. शेवटी ९ ऑगस्टला झाला. राजाचा मुकुट थांबतो, तिथे आपली पॉवरपॉइंट काय!

हल्ली ऑफिसात कुणी पोट धरून रिपोर्टची पीडीएफ पुढे करतं आणि विचारतं, ‘सगळं नॉर्मल आहे ना गं?’ मी आकडे नंतर बघते. आधी दोन प्रश्न विचारते. दुखायला लागून रक्त देईपर्यंत किती तास झाले होते? आणि पोटाला डॉक्टरने हात लावला का?