रवा टोस्ट: सगळा हिशेब पाण्याचा

अन्नविज्ञानाच्या वर्गात पहिलं प्रात्यक्षिक म्हणून मी मुलामुलींना रवा टोस्ट करायला लावते. साहित्य घरोघरी असतं, करायला वेळ लागत नाही, आणि तरीही बहुतेकांचा पहिला टोस्ट मऊ पडतो. तो का पडला हे एकदा उमगलं की भजी, थालीपीठ, कटलेट अशा कितीतरी पदार्थांचं वागणं कळायला लागतं.

पदार्थात ओल आहे तोवर त्याचा पृष्ठभाग १०० अंश सेल्सिअसच्या फारसा वर जात नाही. टोस्टला तांबूस रंग आणि खमंग वास देणारी प्रक्रिया मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मैयार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. शर्करा आणि अमिनो आम्लं उष्णतेत एकमेकांशी जुळतात आणि त्यातून असंख्य नवे स्वाद जन्मतात. म्हणून आधी ओल जायला हवी, मगच खमंगपणा येणार.

ब्रेड आदल्या दिवशीचा घ्यावा. शिळा होताना त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बसतो आणि स्लाइस ताठ राहते. फ्रिजमध्ये हे आणखी लवकर होतं. सँडविचला असा ब्रेड वाईट, टोस्टला उत्तम.

चार स्लाइससाठी अर्धी वाटी बारीक रवा, जवळजवळ तेवढंच घट्ट दही आणि दोन चमचे साय एकत्र करून दहा मिनिटं झाकून ठेवावं. रवा दह्यातलं पाणी पिऊन फुगतो. घाई केली तर तो दाताखाली कचकचतो. मग बारीक चिरलेला कांदा, ढोबळी मिरची, बिया आणि गर काढलेला टोमॅटो, आलं, हिरवी मिरची, कोथिंबीर, मिरपूड. हिरव्या मिरचीचा तिखटपणा मुख्यतः बियांना धरून असलेल्या पांढऱ्या भागात असतो; लहान मुलं खाणार असतील तर तेवढा खरवडून टाकावा. चीज मी घालत नाही. साय आणि दह्यातली प्रथिनं व दुधातली साखर रंगाला पुरेशी असतात, आणि चीजच्या चवीपुढे आलं-मिरची दबून जातात.

मीठ मात्र अगदी शेवटी, तवा तापल्यावर. ते आधी घातलेलं भांडं जरा वेळाने तिरकं करून पाहा: कांद्याच्या कडा ओलसर चमकतात आणि तळाशी पाणी साचलेलं दिसतं. भाज्यांच्या पेशींतलं पाणी मिठाने बाहेर ओढलेलं असतं. ते सगळं ब्रेडमध्ये उतरतं. मुंबईचे मसाला टोस्टवाले आत बटाट्याची कोरडी भाजी भरतात, त्यामागेही हाच अनुभव आहे.

तवा बिडाचा असेल तर फार छान. आच मध्यम ठेवावी, चमचाभर तेल सोडावं, स्लाइसच्या एका बाजूला मिश्रण पसरावं आणि ती बाजू खाली ठेवावी. आता उलथन्याला हात लावायचा नाही. सुरुवातीला चर्रर्र आवाज येतो, कडेला बुडबुडे दिसतात. ही वाफ होऊन जाणारी ओल. हळूहळू आवाज बारीक होतो. रव्यातला स्टार्च आणि दह्यातली प्रथिनं घट्ट होतात, कड तांबूस दिसते आणि टोस्ट तव्यावरून आपणहून सुटतो. तो सुटत नसेल तर अजून थांबावं. ओढून काढला की अर्धा थर तव्यालाच राहतो. दुसऱ्या बाजूला मिनिटभर पुरतं.

काढल्यावर गरम टोस्ट सपाट ताटात ठेवू नये. खालून निघणारी वाफ ताटावर थंड होते आणि कुरकुरीत बाजू पुन्हा ओली होते. जाळीवर ठेवावा. डब्यात द्यायचा तर पूर्ण निवल्यावरच झाकण लावावं आणि सोबत लसणाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी द्यावी. कोथिंबिरीची ओली चटणी ज्याला हवी त्याने ती खाताना लावून घ्यावी.