वहीचं माहेर : बल्लारपूर

दोस्तांनो, दप्तरातून एखादी जुनी वही काढा. तिच्या पानाचा कोपरा हळूच फाडा आणि उजेडात धरा. फाटलेल्या कडेला बारीक लव दिसते ना? ते आहेत लाकडाचे किंवा बांबूचे धागे! चला, आज अशा धाग्यांच्या गावाला जाऊ या.

कल्याणला विदर्भाकडे जाणाऱ्या गाडीत बसायचं. कसारा घाट, भुसावळ मागे टाकून वर्ध्याहून दक्षिणेला वळायचं. हिंगणघाट, वरोरा, चंद्रपूर आणि मग येतं बल्लारशाह. गंमत म्हणजे स्टेशन बल्लारशाह, पण गाव बल्लारपूर! चंद्रपूरच्या आधी गोंड राजांची राजधानी इथे होती. वर्धा नदीकाठी त्यांचा किल्ला आहे.

कागदाची कंपनी मात्र १९४५ सालची. ती इथेच का बरं आली? विचार करा. कागदाला बांबू हवा, भरपूर पाणी हवं, कोळसा हवा आणि माल न्यायला रेल्वे हवी. इथे सगळं हाताशी! उत्तरेला ताडोबाचं जंगल, पूर्वेला गडचिरोलीची दाट रानं. ताडोबा तर महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं.

गिरणीत आधी बांबूचे बारीक तुकडे करतात. मोठ्या बंद टाक्यांत ते रसायनांबरोबर शिजवतात. धागे सुटे होऊन लगदा तयार होतो. तो धुऊन, पांढरा करून, पाण्यात पातळ कालवून जाळीवर पसरतात. पाणी निथळतं, रोलर दाबतात, गरम रोलर वाळवतात. झाला कागद! हे शिजवताना सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. डोंबिवलीकरांनो, तुम्हाला कारखान्यांचा वास काही नवा नाही, पण हा निराळाच!

आता एक अवघड प्रश्न. रानातला बांबू कुणाचा? सरकारनं वर्षानुवर्षं इथली बांबूची रानं कागद गिरणीला भाडेपट्ट्यानं दिली होती. पण घराच्या भिंती, टोपल्या, सुपं, कुंपणं यांसाठी गावकऱ्यांनाही बांबू लागतोच की! गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं छोटंसं गोंड गाव आहे. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ असं म्हणत त्यांनी सभा घेतल्या, कायदा समजून घेतला. २००९ साली त्यांना आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली स्वतःचा बांबू विकायची परवानगीही! आता कोणता बांबू तोडायचा आणि कोणता राखायचा, हे ग्रामसभा ठरवते.

गिरणीनं हजारो हातांना काम दिलं, आपल्याला वह्या दिल्या. पण जंगल राखलं ते शेजारच्या माणसांनी. दोघांचा हिशेब एकाच वहीत लिहायला हवा, नाही का?

तेव्हा वर्षाच्या शेवटी उरलेली कोरी पानं फेकू नका हं! आईकडून सुई-दोरा घ्या आणि त्यांची एक कच्ची वही शिवा.