नदीच्या अलीकडे, नदीच्या पलीकडे

फ्रान्स म्हटले की आपले मन पॅरिसला जाते आणि तिथेच रेंगाळते. पण तूलूझहून आगगाडीने तासाभरात पोचता येईल असे दक्षिणेत ओद नदीच्या काठी एक गाव आहे : कार्कासोन. चौदाव्या शतकातल्या जुन्या दगडी पुलावर मी उभा राहिलो, तेव्हा समोरच्या टेकडीवर जे दिसले ते लहानपणच्या गोष्टीच्या पुस्तकातले चित्रच होते. एकात एक असे दोन तट, त्यांची मिळून सुमारे तीन किलोमीटर लांबी, एकूण बावन्न बुरूज, आणि बुरुजांवर टोकदार टोप्या! गड म्हणजे ढासळलेला चिरा आणि त्यातून उगवलेला पिंपळ, अशी सवय झालेल्या आपल्या डोळ्यांना हे वैभव पाहून जरा संशयच येतो. इतके धडधाकट म्हातारपण असते कुठे?

संशय अगदीच अस्थानी नाही. पण त्याआधी या तटांनी काय पाहिले ते सांगायला हवे.

नार्बोनच्या दिशेच्या मुख्य दरवाजाशी दाम कार्कास नावाच्या बाईचा अर्धपुतळा आहे. आख्यायिका अशी, की शार्लमेनने गावाला पाच वर्षे वेढा घातला. आत दाणागोटा संपत आला, तेव्हा या बाईने उरलासुरला गहू एका डुकराला चारला आणि ते डुक्कर तटावरून खाली फेकले. ‘यांची डुकरेही गव्हावर पोसलेली!’ असे म्हणून बादशहाने वेढा उठवला. मग गावात विजयाच्या घंटा वाजल्या, आणि ‘कार्कास वाजवते आहे’ यावरून गावाचे नाव पडले म्हणे. गोष्ट झकास आहे. पण नाव रोमन काळापासूनचे आहे.

खरा वेढा पडला 1209 साली. या मुलखात काथार नावाच्या पंथाचे लोक होते, आणि त्यांचा नायनाट करण्यासाठी पोपने धर्मयुद्ध पुकारले होते. जुलैत बेझिए शहरात भयंकर कत्तल झाली. ऑगस्टमध्ये फौज कार्कासोनपुढे आली. गावाचा धनी रेमाँ-रोजे त्राँकाव्हेल हा अवघा चोवीस वर्षांचा होता. उन्हाळ्यात पाणी संपले. तो बोलणी करायला बाहेर गेला तो कैदच झाला, आणि नोव्हेंबरात कोठडीत मेला. लोकांना अंगावरच्या कपड्यांनिशी गाव सोडावे लागले. जीव मात्र वाचले.

पुढे 1240 मध्ये त्याच्या मुलाने गाव परत घेण्याचा प्रयत्न केला, तो फसला. तटाच्या पायथ्याच्या वस्त्या उठवल्या गेल्या. काही वर्षांनी नववा लुई राजाने त्या लोकांना नदीपलीकडे वसायची परवानगी दिली. तेच आजचे खालचे गाव. तिथले रस्ते सोंगट्यांच्या पटासारखे सरळ. 1355 मध्ये इंग्लंडच्या ‘काळ्या राजपुत्रा’ने ते जाळले, ते पुन्हा उभे राहिले आणि कापडाच्या धंद्यावर श्रीमंत झाले. वरचा किल्ला मात्र स्पेनची सरहद्द 1659 च्या तहाने दूर सरकल्यावर निकामी झाला. दोन तटांमधल्या जागेत गरीब विणकरांनी तटाला टेकून घरे बांधली.

एकोणिसाव्या शतकात सरकारने किल्ला मोडीत काढायचे ठरवले. तेव्हा क्रो-मेरव्हिएय नावाचा स्थानिक इतिहासप्रेमी आणि लेखक प्रॉस्पर मेरिमे यांनी हाकाटी केली, आणि किल्ला वाचला. 1853 पासून व्हिओले-ल-द्युक या वास्तुशास्त्रज्ञाने डागडुजी सुरू केली. टोप्या त्याच्याच. काही बुरुजांवर त्याने उत्तर फ्रान्सच्या धर्तीची काळ्या पाटीदगडाची छपरे चढवली. दक्षिणेत असली छपरे कशी, म्हणून टीकाकार त्याच्यावर तुटून पडले. विसाव्या शतकात काही बुरुजांवर कौले घालून ही चूक सुधारण्यातही आली. आणि तटांमधली विणकरांची घरे? ती पाडली. तट मोकळा झाला, देखणा झाला, आणि राहती माणसे गेली.

मला खरी बोच या घरांची लागली. छपराचा वाद विद्वानांनी घालावा. पॅरिसच्या नोत्र-दामचा 2019 मध्ये जळलेला मनोराही याच व्हिओले-ल-द्युकचा होता, आणि तो पुन्हा उभारताना त्याचाच आराखडा जसाच्या तसा घेतला गेला. दीडशे वर्षांत कल्पनाही वारसा होते. पण उठवलेले घर कोणी पुन्हा बांधत नाही. 1997 मध्ये युनेस्कोने किल्ल्याला जागतिक वारसा ठरवले. आज आत राहणारी माणसे मोजकीच, आणि लाकडी तलवारी विकणारी दुकाने मात्र पुष्कळ.

तरीही, वाचकहो, जरूर जा. पण संध्याकाळी, प्रवाशांच्या मोटारी परतल्यावर. आतल्या तटाच्या तळाशी बारीक दगडांच्या थरांमधून विटांच्या तांबड्या ओळी दिसतील, ते रोमन काम. सेंट नाझेरच्या देवळातल्या रंगीत काचा उजेड असतानाच पाहून घ्या. आणि शनिवारी सकाळी पूल ओलांडून खालच्या गावच्या चौकात भाजीबाजाराला जा. तिथे पिशव्या घेऊन भावाची घासाघीस करणारी मंडळी भेटतील. तटाबाहेर घालवलेल्यांनी वसवलेले गाव आहे ते, आणि नांदते आहे.